दिवसभर शेतात राबणाऱ्यालाही वेगळं अंग ताणायची गरज असते का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. आई ६२ वर्षांची, अजून कापूस वेचायला जाते, कंबर आणि टोंगळे (गुडघे) दुखतात. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, आता शेतात फारसे जात नाहीत. लहान भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. रोज थोडं हलकं स्ट्रेचिंग केलं तर या तिघांनाही उपयोग होईल का, असं मुलीनं विचारलं आहे. आईचं म्हणणं असं : "दिवसभर काम करतो आमी, अजून वेगळा व्यायाम कायले पायजे?"

आईचं म्हणणं आधी घेते, कारण वेचणीच्या दिवसांत ते मला दर आठवड्याला कुणी ना कुणी ऐकवतंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बावीस वर्षं वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत आणि काही काळ धानाच्या पट्ट्यात काम केलं आहे. काम म्हणजेच व्यायाम, हे आईचं बोलणं अर्धं खरं आहे. तिच्या वयाच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईपेक्षा तिच्या पायांत आणि मनगटांत जास्त दम असणार. अडचण एवढीच की शेतातलं काम अंगाला एकाच बाजूला वळवतं. सकाळी पात, म्हणजे वेचायची ओळ, धरली की मान खाली, खांदे पुढे, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी. खालच्या फांदीची बोंडं वेचायची तर कमरेतून वाकणं आलंच, आणि ओटी भरत जाते तसं ते वजनही पोटापुढेच लोंबतं. भंडारा-गोंदियाकडे रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बायका बांधीच्या चिखलात तासन्‌तास वाकून असतात. संध्याकाळी घरी आलं की चूल, भांडी, झाडलोट, सगळं पुन्हा पुढेच. दिवसाकाठी शेकडो वेळा पुढे वाकणारी कंबर एकदाही मागे जात नाही. रोजचा हलका ताण, म्हणजे हे स्ट्रेचिंग, म्हणजे या शरीराला त्याची दुसरी बाजू परत देणं. आईला मी एवढंच सांगेन की हे काम वाढवणं नाही, कामाचा हिशेब सारखा करणं आहे.

यामागे शरीराची एक गंमत आहे, ती समजली की बाकीचं आपोआप पटतं. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार मणक्यांना मागून धरणाऱ्या बंधांवर आणि मधल्या गाद्यांवर येतो. हे बंध रबरासारखे लगेच जागेवर येत नाहीत. वीसेक मिनिटं तसंच वाकून राहिल्यावर माणूस उभा राहिला, तर आलेला सैलपणा पहिल्या दोन मिनिटांत साधारण निम्मा भरून येतो. उरलेल्यातला थोडा अर्ध्या तासानंतरही शिल्लक असतो. त्या सैल अवस्थेत मणक्यांना नीट आधार नसतो. आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच काय होतं? तासभर वाकून वेचलं, पात संपली, लगेच खाली वाकून कापसाचं गाठोडं उचललं आणि डोक्यावर घेतलं. कमरेत उसण भरून माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांनी सांगितलेला क्षण हाच असतो.

म्हणून आईसाठी पहिला ताण घरी करायचाच नाही, तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर करायचा. पात संपली की सरळ उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर मागून टेकवायचे, टोंगळे सरळ ठेवायचे आणि कमरेतून हळूच मागे जायचं. दोन श्वास थांबून परत. असं पाच वेळा. मग उभ्यानंच पाणी प्यायचं आणि त्यानंतर गाठोड्याला हात लावायचा. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. मजुरी किलोवर असते, एक-एक मिनिट जड वाटतं, हे मला माहीत आहे. पण उसण भरली तर आठवडाभराची मजुरी जाते. एक जपायचं : मागे वाकल्यावर पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील, तर हा ताण त्या बाईसाठी नाही. थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं, अशा वयस्क माणसाच्या मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. त्यांनी आधी तपासून घ्यावं.

सकाळचीही एक गोष्ट सांगते. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते, ती याचमुळे. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा भार जास्त पडतो. त्यामुळे उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायचा व्यायाम मी कुणालाच देत नाही. खेड्यातल्या बाईचा दिवस मात्र सुरूच होतो तो आखूड झाडणीनं, वाकून अंगण झाडण्यानं. झाडणी लांब दांड्याची घ्या, नाहीतर झाडण्याआधी थोडं चाला, पाणी भरा, चूल पेटवा. बाजेवरून उतरण्याआधी आळोखेपिळोखे जरूर द्या. मांजर, वासरू, तान्हं बाळ, सगळे उठल्यावर हेच करतात. आपणच मोठं झाल्यावर ते सोडून देतो.

आता ताण दिल्यानं आत नेमकं काय घडतं? बहुतेकांना वाटतं की स्नायू ओढला की तो सुतळीसारखा लांब होतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जो फरक पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेचा असतो. स्नायूच्या आत त्याची लांबी मोजणारे राखणदार असतात. हिसका दिला की ते स्नायूला आवळून घ्यायला लावतात. हळू नेलं आणि तिथे थांबलं की ते शांत होतात. रोज त्याच जागेवर सावकाश गेलं की शरीराला ती जागा ओळखीची वाटू लागते आणि ते आणखी थोडं पुढे जाऊ देतं. वय वाढतं तसे स्नायूंच्या आवरणातले आणि सांध्याभोवतीचे धागे कडक होतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला वेळ जास्त लागतो. पण राखणदारांना शांत करता येण्याला वयाची अट नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसांचे खांदे आणि घोटे मोकळे होताना मी पाहिले आहेत.

ताणाचं प्रमाणही त्यातूनच ठरतं. ओढ जाणवेल इतपत जायचं, दुखेल इतकं नाही. चेहरा आक्रसला म्हणजे जास्त झालं. तरुणानं एका ताणात वीस-तीस सेकंद थांबावं, साठीच्या पुढच्यांनी तीस ते साठ. एका स्नायूला दिवसात एकूण मिनिटभर पुरतं. रोज केलं तर उत्तम, आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या खाली जाऊ नये. श्वास कोंडायचा नाही, विशेषतः ज्यांना बीपी आहे त्यांनी. त्यासाठी मी मोठ्यानं मोजायला सांगते, बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. मोजायला कंटाळणाऱ्या एका आजीनं यावर स्वतःच उपाय काढला, त्या जात्यावरची एक ओवी सावकाश म्हणत. एका ओवीचा वेळ जवळपास बरोबर भरायचा. आता मी ते इतरांनाही सुचवते.

आईच्या टोंगळ्यांबद्दल. मांडीच्या मागचे स्नायू आणि पोटऱ्या आखडल्या की टोंगळा पूर्ण सरळ होत नाही. किंचित वाकलेल्या टोंगळ्यावर दिवसभर चाललं की वाटीवर दाब वाढतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही. बाजेच्या कडेवर बसायचं, एक पाय बाजेवर लांब सोडायचा, दुसरा खाली जमिनीवर. पाठ ताठ ठेवून छाती थोडी पुढे न्यायची, मांडीमागे ओढ आली की थांबायचं. कपाळ टोंगळ्याला लावायची घाई नको, त्यात फक्त कंबर वाकते. पोटरीसाठी भिंतीला किंवा निंबाच्या झाडाला हात टेकून एक पाय मागे सरळ ठेवायचा, टाच जमिनीवर. उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल, तर बाजेवरच पाय मांडीवर घेऊन पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, तळव्याची शीर ताणली जाईपर्यंत, दहा सेकंद, दहा वेळा. पाऊल खाली टाकण्याआधीच. टाचदुखीवर एवढ्या साध्या गोष्टीचा इतका उपयोग होतो की औषधाची चिठ्ठी मागायला आलेल्यांना मी आधी हेच करायला लावते.

पण ताणानं टोंगळ्याची झीज भरून येत नाही, तसं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. 'वंगण संपलं', 'मणक्यात गॅप आला' असं ऐकून घाबरलेली माणसं ताणाकडून चमत्काराची अपेक्षा करतात आणि महिनाभरात सोडून देतात. टोंगळ्याला सगळ्यात जास्त आधार मांडीच्या ताकदीचा असतो. ती हवी असेल तर बाजेवर पाय लांब करून टोंगळ्याखाली दुपट्ट्याची घडी ठेवायची, ती खाली दाबून पाच आकडे धरायचं, असं दहा वेळा. ताणानं सांधा मोकळा होतो, ताकदीनं तो टिकतो. साठीच्या पुढे पडण्याची भीती कमी करायची असेल तर तोल आणि ताकद यांचाच अभ्यास लागतो, नुसता ताण पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत, ते याच कारणानं.

बाबांचं प्रकरण आईपेक्षा वेगळं आहे, आणि मला त्यांची काळजी थोडी जास्त वाटते. मधुमेहात वाढलेली साखर सांध्याभोवतीच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांना एकमेकांत जखडते. त्यामुळे मधुमेही माणसाचा खांदा गोठण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि बोटंही आखडतात. त्यांना एकदा नमस्कारासारखे हात जोडायला सांगा. दोन्ही हातांची बोटं आणि तळवे सपाट टेकत नसतील, मधे फट राहत असेल, तर बोटांचे सांधे कडक झाले आहेत. नमस्काराची तीच स्थिती, कोपरं हळू वर नेत, हाच त्यावरचा ताण. खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे ओढ येईल तिथे थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पुन्हा जायचं. सदरा घालताना हात मागे जात नाही, पाठ खाजवता येत नाही, ही खांदा गोठायला लागल्याची पहिली खूण असते. तेव्हाच सुरुवात केली तर महिने वाचतात.

गोठलेल्या खांद्याला जोर लावायचा नाही, हे मी स्वतः चुकून शिकले. माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एका काकांचा हात लवकर वर जावा म्हणून मी तो जोरात नेला. दोन रात्री त्यांना झोप आली नाही, खांदा आधीपेक्षा जास्त आखडला आणि ते परत आलेच नाहीत. चार महिन्यांनी त्यांच्या गावी गेले तेव्हा ते हात पोटाशी धरूनच बसलेले दिसले. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून माझ्याकडचा एकही ताण दुखेपर्यंत जात नाही. गावात कुणी 'चोळून, ओढून मोकळं करतो' म्हणालं तर बाबांचा खांदा त्यांच्या हाती देऊ नका.

त्यांच्या पायांना बधिरपणा असेल तर पोटरीचा ताण अनवाणी करू नये, आणि रोज रात्री तळवे पाहावेत. काटा रुतलेला त्यांना कळणार नाही. घोट्याकडे मात्र लक्ष द्याच. उकिडवं बसता येणं हे खेड्यात म्हाताऱ्या माणसाचं स्वातंत्र्य आहे : संडास, नहाणी, देवळातली पंगत, सगळीकडे ते लागतं. घोटा आखडला की माणूस उकिडवं बसताना मागे कलंडतो, मग भीतीनं बसणंच सोडतो, आणि न बसल्यानं घोटा आणखी आखडतो. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, टाचा टेकवून, जाईल तितकंच खाली बसायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि हातांच्या आधारानं उठायचं. बाबा हे करताना पहिले काही दिवस जवळ कुणी उभं राहा.

भावाचं थोडक्यात. भरतीला मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, त्यासाठी आमच्याकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. धावण्याआधी एका जागी उभं राहून मिनिटभरापेक्षा जास्त वेळ ताण धरू नये. त्यानं थोड्या वेळासाठी स्नायूचा जोर घटतो, आणि १०० मीटरला तो घटलेला परवडत नाही. आधी हळू पळणं, टोंगळे वर घेत चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं. थांबून करायचे ताण धावणं संपल्यावर. त्यानं दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी कमी होत नाही, पण पोटरी आणि मांडी महिनोन्‌महिने आखडत जाणं थांबतं. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळवळत असेल, तर तो ताणाचा विषय नाही. धावणं थांबवून दाखवावं, तिथे हाडाला चीर गेलेली असू शकते. घरात शाळेतली मुलं असतील तर वाढीच्या वयात हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागे राहतात. बारा-तेराव्या वर्षी पोर एकदम लाकडासारखं ताठ वाटतं ते त्यामुळे. त्याला दम देऊ नका, रोज पाच मिनिटं त्याच्यासोबत करा.

आपल्या भागात सिकलसेलबद्दल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराबद्दल, बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, कितीतरी घरांत तो आहे. सिकलसेलच्या माणसानं हलका ताण जरूर करावा, पण भरपूर पाणी पिऊन, थंडीत उघड्यावर नाही, दम लागेपर्यंत तर नाहीच. त्याच्या खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, लंगडणं सुरू झालं असेल, तर ताणून मोकळं करायला जाऊ नका. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, त्याची तपासणी आधी हवी. अशा एका तरुण मुलाला गावात सहा महिने 'शीर चढली' म्हणून चोळत होते.

गरोदर बाईचे बंध आधीच सैल झालेले असतात, तिनं शेवटच्या टोकापर्यंत जाऊ नये. हाडं ठिसूळ झालेल्या बाईनं पुढे वाकून पिळण्याचे प्रकार टाळावेत. आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, किंवा कारण नसताना वजन उतरणं यातलं काहीही असेल तर ताण बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना.

आता सगळ्यात अवघड भाग, हे रोज घडवून आणणं. फार पूर्वी मी एका गावात बायकांना बारा ताण शिकवले, चित्रांचा कागदही दिला. महिन्यानं गेले तर कागद डाळीच्या डब्याखाली आणि ताण कुणीच करत नव्हतं. मग मी तीनच ठेवले आणि त्यांना रोजच्या कामांना बांधलं : पात संपली की कंबर, आंघोळीनंतर अंग गरम असताना पोटरी आणि मांडी, रात्री बाजेवर पाय. ते टिकलं. आणखी एक अडसर होता, तो मला उशिरा कळला. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, व्यायाम विदर्भाला नवा नाही. पण आपल्या मनात व्यायाम म्हणजे तरुण गड्याचा. साठीच्या बाईनं अंगणात हात वर करून उभं राहणं म्हणजे 'बुढीले काय झालं' असं कुणीतरी म्हणणार, याची तिला लाज वाटते. ज्या गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं ताण सुरू केले, तिथे ही लाज आठवडाभरात गेली. तुम्ही घरी आईबरोबर केलंत तरी तेच होईल.

सुरू करण्याआधी एक मोजमाप करा. भिंतीसमोर उभं राहून बाबांचा पाय असा ठेवा की टाच न उचलता त्यांचा टोंगळा भिंतीला जेमतेम टेकेल. तोल जाऊ नये म्हणून त्यांचे हात भिंतीवर असू द्या. अंगठ्याच्या टोकाशी खडूनं जमिनीवर रेघ मारा, दुसऱ्या पायाचीही मारा. आईचीही मोजा. चार आठवडे रोज केल्यावर पुन्हा मोजा आणि रेघ बोटभर मागे सरकली का ते मला कळवा. सरकली नसेल तर कोणता ताण किती वेळ केला तेही लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.